छोट्या गाडीला सायकल रॅक: डिकीवर की छतावर?

भांडुप_७८

गाडी वॅगन आर, २०२१ ची, कंपनीतून आलेली सीएनजी. मागे स्पॉयलर नाही, छताला रेल नाहीत. सायकली दोन. माझी ७०० सी चाकांची हायब्रिड, डिस्क ब्रेक, पुढच्या चाकाला क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवायची खटकी), १४ किलो. मुलीची २४ इंची, लेडीज सायकलीसारखा खाली उतरलेला दांडा, ११ किलो.

रविवारी पहाटे खारघर किंवा उरणकडे जायचं असतं, कधी रो-रोने मांडव्याला. अटल सेतूवर सायकल चालत नाही, एक्स्प्रेसवेवरही नाही, त्यामुळे सायकली गाडीवरच न्याव्या लागतील. बहुतेक वेळा आम्ही दोघंच, क्वचित तिघं.

दुकानात दोन प्रकार दाखवले. एक डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा, तीन सायकलींचा. दुसरा छतावर आडवे बार आणि त्यावर प्रत्येक सायकलीला वेगळा ट्रे. सोसायटीत स्टॅक पार्किंग (लिफ्टवर एकावर एक गाड्या) आहे, माझा खालचा मजला, पाटीवर कमाल उंची १.८० मीटर. डिकीत सिलिंडर असल्यामुळे सायकली आत घालायचा विचार सोडून दिला आहे.

डिकीचं दार एवढं वजन पेलेल का? नंबरप्लेट झाकली गेली तर काय? आणि मुलीच्या सायकलीला धड दांडाच नाही, ती टांगायची कशी?

---

चेन_आणि_तेल

रॅकवर लिहिलेलं ‘तीन सायकली, ४५ किलो’ हे त्या रॅकच्या लोखंडाबद्दल आहे, तुमच्या गाडीबद्दल नाही. छोट्या गाडीत मर्यादा गाडीच ठरवते. म्हणून रॅक बघण्याआधी टेप घेऊन खाली जा.

आधी रुंदी. वॅगन आर आरसे सोडून १६२ सेंमी रुंद आहे. तुमच्या हायब्रिडच्या दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर साधारण १०५ सेंमी असेल, चाक टायरसकट ७० सेंमी. म्हणजे सायकल १७५ सेंमी लांब. ती मागे आडवी टांगली की दोन्ही बाजूंना सहा-साडेसहा सेंमी बाहेर येणार. ऐकायला कमी वाटतं, पण भांडुपच्या गल्लीत रिक्षा घासून जाते ती नेमकी तेवढ्याच अंतरातून. आता पुढचं चाक काढा: १०५ अधिक मागच्या चाकाचा अर्धा भाग ३५, झाले १४०. सायकल गाडीच्या अंगाच्या आत आली, वर दीड-दोन किलो वजनही कमी झालं. क्विक रिलीज असताना हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. छोट्या गाडीवर मोठी सायकल न्यायची तर पुढचं चाक काढायचंच, रॅक कुठलाही असो. मुलीची २४ इंची साधारण १५५ सेंमी भरेल, ती तशीच बसते.

आता वजन. रॅक ५ किलो आणि सायकली २५, एकूण ३०. हे वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं. समजा ते ॲक्सलपासून ९० सेंमी मागे आहे. वॅगन आरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २४३.५ सेंमी. तरफेचा हिशोब केला तर मागच्या चाकांवर ३० नाही, साधारण ४१ किलो वाढतात आणि पुढची चाकं ११ किलोंनी हलकी होतात. तुमच्याकडे सिलिंडरचं वजन आधीच मागे आहे. गाडीला हे झेपेल, पण मागच्या सीटवर माणूस, पायाशी सामान आणि वर तिसरी सायकल असं करू नका. मागच्या टायरमध्ये हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरमध्ये भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलेला असतो तेवढी ठेवा.

डिकीच्या दाराचं म्हणाल तर दार वाकतं ते वजनाने कमी आणि हूक चुकीच्या जागी लावल्याने जास्त. वरचे हूक दाराच्या पत्र्याच्या कडेवर बसले पाहिजेत. काचेच्या कडेवर, प्लास्टिकच्या पट्टीवर किंवा स्पॉयलरवर नाही. शंका आली तर फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटत नसेल तिथे पत्रा नाही, तिथे हूक नको. रॅकच्या वरच्या गाद्याही पत्र्यावर टेकल्या पाहिजेत. वॅगन आरची मागची काच मोठी आणि बरीच उभी आहे, त्यामुळे काही रॅकच्या गाद्या नेमक्या काचेवर येतात. रॅकच्या पुस्तिकेत काचेवर टेकवायला स्पष्ट परवानगी नसेल तर तो रॅक तुमच्या गाडीचा नाही. विकत घेण्याआधी दुकानाबाहेर गाडीवर लावून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार कुरकुर करत नाही.

---

घाटकोपर_पूर्व

छताबद्दल मी लिहितो, कारण मला तोच प्रकार जास्त आवडतो. तरीही तुम्हाला तो घ्या असं सांगणार नाही.

छतावर सायकल उभी आणि घट्ट राहते. टेल लॅम्प, नंबरप्लेट, मागचा कॅमेरा सगळं मोकळं. डिकी उघडते. रेल नसलेल्या छतासाठी बारचे पाय दारांच्या चौकटीत अडकतात, आणि त्यांची पकड त्या त्या मॉडेलसाठी वेगळी येते. ‘एकसारखीच दिसते’ म्हणून दुसऱ्या गाडीची पकड लावू नका. दाराच्या रबरावर ती तिरकी बसली की पहिल्याच पावसात पाणी सीटवर उतरतं.

वजनाचा हिशोब असा करायचा: गाडीच्या मॅन्युअलमध्ये छताची मर्यादा बघा आणि त्यातून बार आणि ट्रेही वजा करा. बरेच जण नुसत्या सायकली मोजतात. बार ५ किलो, दोन ट्रे ८, सायकली २५, म्हणजे ३८ किलो. गाडीला रेल असतील तर त्या खऱ्या आहेत की शोभेच्या हेही मॅन्युअलमध्येच कळेल. काही रेल नुसत्या स्क्रू आणि चिकटपट्टीवर असतात, त्यांना भार चालत नाही.

तुमची अडचण उंचीची आहे. गाडीची उंची १६७.५ सेंमी, त्यावर बार साधारण १० सेंमी, म्हणजे रिकामी गाडीच १७७ च्या पुढे. ट्रे लावले की स्टॅकच्या १८० मध्ये ती सुखरूप बसणार नाही, दर रविवारी ट्रे काढून ठेवावे लागतील. वर सायकल चढवली की एकूण उंची पावणेतीन ते तीन मीटर. मॉलच्या तळघरात बऱ्याच ठिकाणी पाटी २.१ मीटरची असते. मुंबईत पुलांच्या आणि गल्ल्यांच्या तोंडाशी लोखंडी हाइट बॅरिअर असतात, गणपतीत मंडपाच्या कमानी, आणि बाराही महिने लोंबणाऱ्या केबल. छतावर सायकल आहे हे चालवणारा विसरतो आणि सोसायटीच्या गेटात शिरतो, नुकसान बहुतेक तिथेच होतं. सायकल, ट्रे आणि छताचा पत्रा तिन्ही एकदम जातात.

दुसरी गोष्ट हवेची. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० वर जेवढा तेवढ्याच्या पावणेतीन पट १०० वर. अटल सेतूवर मर्यादा १०० असली तरी सेतूचा साडेसोळा किलोमीटर भाग उघड्या समुद्रावर आहे आणि वारा आडवा लागतो. छतावर सायकली असतील तर ७०-८० पुरे.

---

भांडुप_७८

मोजून आलो. हायब्रिड १७४ सेंमी, पुढचं चाक काढून १३९. मुलीची १५३. बारच्या दुकानदाराने उंची ११ सेंमी सांगितली, म्हणजे छत बाद.

डिकीच्या दारावर वर साडेचार-पाच सेंमी रुंद पत्रा आहे, चुंबक चिकटलं. खालच्या कडेलाही चिकटलं. वॅगन आरचे टेल लॅम्प उभे, दोन्ही कडांना आहेत, ते झाकले जातील अशी भीती वाटते. नंबरप्लेटचं काय करायचं? वेगळी प्लेट बनवून रॅकला लावता येते का?

---

कुर्ला_टर्मिनस

नंबरप्लेटचं उत्तर आधी. वेगळी प्लेट करू नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे, तुमच्या गाडीला ती असणारच. ती स्नॅप लॉकने बसवलेली असते, काढली की लॉक तुटतो. मागे एक, पुढे एक आणि काचेवर स्टिकर एवढंच मिळतं. बाजारातून नुसता नंबर रंगवून घेतलेली पाटी त्याची जागा घेऊ शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा नंबर रात्री दिव्याच्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. तेव्हा उपाय एकच, सायकली एवढ्या वर टांगायच्या की प्लेट मोकळी राहील.

रॅकच्या हातांचा कोन बदलता येतो. हात आडव्यापेक्षा थोडे वर उचललेले ठेवा, म्हणजे सायकल दाराकडे घसरते, बाहेर नाही. सायकली टांगल्यावर गाडीपासून १५ मीटर, म्हणजे मोठी वीस पावलं, मागे जाऊन उभे राहा. घरच्या कुणाला ब्रेक दाबायला, दोन्ही इंडिकेटर द्यायला आणि दिवे लावायला सांगा. सगळे दिसले पाहिजेत. टेल लॅम्पच्या बाबतीत पुढचं चाक काढल्याचा इथेही फायदा होतो, कारण एका बाजूला चाकाच्या जागी नुसता चिमटा (फोर्क) उरतो. मागचं चाक दुसऱ्या बाजूचा लॅम्प झाकत असेल तर सायकल पाच-सहा सेंमी सरकवून बघा.

बाजूला काही बाहेर येऊ देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) मध्ये मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत निघणाऱ्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. हँडलचं टोक हाही मालच.

---

चेन_आणि_तेल

@भांडुप_७८, मापं चांगली आहेत. सहा पट्ट्यांचा रॅक घ्या: दोन वर, दोन खाली, दोन बाजूंना. चार पट्ट्यांचा स्वस्त पडतो, पण खड्ड्यात आणि वळणात तो आडवा डोलतो. दोन सायकलींचा मिळाला तर तोच घ्या. तीनच्या रॅकचे हात लांब असतात, आणि रिकाम्या उरलेल्या लांबीचा काही उपयोग नाही.

लावायचा क्रम:

१. डिकीचं दार ओल्या कापडाने पुसा, मग कोरडं करा. गादीखाली अडकलेली धूळ रस्ताभर पॉलिश पेपरसारखी घासते. मुंबईत बांधकामाची धूळ असतेच, त्यामुळे ही पायरी गाळू नका. जिथे गाद्या कायम टेकणार तिथे रंगावर पारदर्शक फिल्म लावून घेतली तर उत्तम.

२. दार थोडं उघडून वरचे हूक कडेत बसवा, दार बंद करा. हूकवर रबराचं आवरण हवं. निघालं असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

३. वरचे पट्टे हलके आवळा, मग खालचे, शेवटी बाजूचे. खालचे हूक दाराच्या खालच्या कडेला. बंपरला नाही, बंपर म्हणजे नुसतं प्लास्टिकचं आवरण.

४. दोन्ही बाजू आळीपाळीने आवळत जा. एकच बाजू पूर्ण ओढली की रॅक तिरका होतो. मग रॅक धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, रॅक एकटा हलता कामा नये.

५. पट्ट्याची सुटी टोकं बक्कलमागे गाठ मारून बांधा. फडफडणारं टोक रंगाला ओरखडे पाडतं, आणि बक्कलही हळूहळू सैल होतं.

जड सायकल गाडीला चिकटून, हलकी बाहेर. तोंडं विरुद्ध दिशेला, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. आतल्या सायकलचं काचेकडचं पॅडल काढून ठेवा. १५ चा पाना लागतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. हे माहीत नसल्यामुळे लोक जोर लावून क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे खराब करतात. हँडल दांड्याला वेल्क्रोने बांधा, नाहीतर ते वळून काचेवर आपटतं. सायकल सायकलीला लागते तिथे एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम हातभर कापून चढवा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

मुलीच्या सायकलीसाठी जोड-दांडा मिळतो. एक टोक सीटच्या दांड्याला, दुसरं हँडलच्या मानेला अडकतं, मधे आडवा नकली दांडा तयार होतो. वजनाची मर्यादा त्याच्यावर छापलेली असते, ११ किलोला अडचण नाही. मात्र सीटचा दांडा खालच्या क्लॅम्पमध्ये घट्ट आहे ना ते बघा, कारण सगळं वजन त्यावरच येतं.

सायलेन्सरकडे लक्ष द्या. टायर धुराच्या नळीच्या सरळ मागे येत असेल तर तासाभरात रबर मऊ पडतं, ट्यूब फुटू शकते. सीएनजीचा धूरही तितकाच गरम. खाली येणारी चाकं नळीच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

पाच किलोमीटरवर थांबून पट्टे एकदा आवळा, ऐरोलीच्या आसपास. नवे पट्टे पहिल्यांदा सैल होतातच. नायलॉनचा पट्टा भिजला की ताणतो, म्हणून पावसात दर अर्ध्या तासाने बघा. सायकलींवर कव्हर घालू नका, ते शिडासारखं हवा पकडतं. सीट आणि हँडल तेवढं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.

---

विरार_लोकल

यात माझा एक प्रश्न. टेस्ट केलेला रॅक महाग वाटतो. वेल्डिंगवाल्याकडून टो-हुकच्या जागी दांडा जोडून घेतला तर? आणि ते रबरी कपांचे, हवा काढून चिकटणारे रॅक कसे?

---

घाटकोपर_पूर्व

वेल्डिंग नको. बंपरमागे स्क्रूने बसणारी कडी असते ती बंद पडलेली गाडी ओढण्यासाठी, आडव्या ताणासाठी. उभा भार आणि खड्ड्यातले धक्के घेण्यासाठी ती बनवलेली नाही. चालत्या गाडीत खड्ड्यातला एक दणका ३० किलोला क्षणभर दुप्पट-तिप्पट करतो. तुटलं तर सायकल मागच्या बाइकवाल्याच्या अंगावर जाईल.

कपांचे रॅक काम करतात, पण पृष्ठभाग एकदम गुळगुळीत आणि स्वच्छ हवा. धूळ, मेण किंवा पॉलिशचा थर असेल तर हवा हळूहळू आत शिरते. कपाच्या पंपावर खूण असते, ती दिसू लागली की पुन्हा पंप मारायचा, दर थांब्यावर बघायचा. छोट्या गाड्यांच्या छताचा पत्रा पातळ असतो, मधोमध कप लावला की दबतो. उन्हात तापलेल्या गाडीवर लगेच लावू नका.

---

मुलुंड_चेकनाका

@भांडुप_७८, तुम्ही आत ठेवायचा विचार फार लवकर सोडला. सिलिंडर डिकी खातो, मागच्या सीटची जागा नाही. दोघंच असाल तेव्हा मागची सीट पाडा आणि मुलीची सायकल दोन्ही चाकं काढून पुढच्या सीटच्या मागे आडवी उभी करा. चाकं काढली की सायकलची लांबी म्हणजे फक्त दोन ॲक्सलमधलं अंतर, २४ इंचीला साधारण ९०-९५ सेंमी. हँडल ९० अंश वळवा, चेनची बाजू वर किंवा सीटकडे, गिअरचा डिरेलर (मागच्या चाकापाशी चेन सरकवणारा भाग) कशावरही टेकता कामा नये. खाली जुनी चादर. दार उघडून तेवढी रुंदी मिळते का ते टेपने बघा.

मग रॅकवर एकच १२ किलोची सायकल राहते. जोड-दांडा वाचला, मागचा भार जवळजवळ निम्मा झाला, टेल लॅम्पचा प्रश्नही बराच सुटला.

---

भांडुप_७८

हे खरंच लक्षात आलं नव्हतं. संध्याकाळी मोजलं, मागच्या दारातून ९३ सेंमीची काठी आडवी आरामात जाते. तिघं असताना जोड-दांडा, दोघं असताना एक आत. दोन सायकलींचा सहा पट्ट्यांचा रॅक घेतो.

शेवटचे दोन प्रश्न. हायड्रॉलिक डिस्क आहे, चाक काढल्यावर काही काळजी? आणि रॅक आठवडाभर गाडीवरच राहू दिला तर?

---

चेन_आणि_तेल

चाक काढल्याबरोबर ब्रेक पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याचा दुमडलेला तुकडा घाला. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की पिस्टन पुढे सरकतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात, मग खारघरला डिस्क आत जातच नाही. तसं झालंच तर पॅडच्या मधे चपटा स्क्रू ड्रायव्हर नाही, प्लास्टिकचा टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) घालून सावकाश मागे ढकला. काढलेलं चाक आत ठेवताना डिस्कची बाजू वर. डिस्कला तेलकट हात लागू देऊ नका. क्विक रिलीजचे दोन छोटे स्प्रिंग सांभाळा, निमुळतं टोक आतल्या बाजूला.

रॅक ठेवू नका. उन्हाने पट्ट्यांचे धागे कमजोर होतात आणि ते वरून दिसत नाही. गाद्यांखाली ओल राहून रंगावर डाग पडतात. दुमडलेला रॅकही गाडीच्या लांबीत दहा-पंधरा सेंमी वाढवतो, स्टॅकच्या लिफ्टला ते चालणार नाही. मागचा वायपर रिव्हर्स टाकल्यावर आपोआप फिरत असेल तर रॅक असताना तोही तुटतो, तेव्हा वायपरचा स्विच बंद ठेवा. पार्किंग सेन्सर रॅकमुळे सतत वाजेल, रिव्हर्स घेताना मुलीला खाली उतरून बघायला सांगा.

मांडव्याहून आलात की त्याच रात्री पट्टे, बक्कल आणि हूक साध्या पाण्याने धुऊन पंख्याखाली वाळवा. खाऱ्या हवेने आधी बक्कलचा स्प्रिंग गंजतो, आणि गंजलेलं बक्कल आवळल्यासारखं वाटतं पण धरत नाही.